तीन ओळींची जागा

संस्थेकडून छापील कागद आलाय.
'जूनपासून वर्ग एकत्र करावेत काय? होय / नाही.
कारण तीन ओळींत लिहावे.'
खाली तीन ओळी आखल्यात, तिसरी जरा तिरकी.

नारायण पेठेतली आमची मुलींची शाळा,
भिंतीपलीकडे त्याच संस्थेची मुलांची.
मधल्या दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे
हे ज्यांना ठाऊक होतं ते शिपाई कधीच रिटायर झाले.
ओलांडून येतो तो फक्त टेनिसचा चेंडू.
पोरी तो परत फेकतात,
पण आधी पाच मिनिटं खेळून घेतात.

एकवीस वर्षं मी इथं गणित शिकवतेय.
काय लिहू?

मी स्वतः शिकले खडकीला, मुलामुलींच्या शाळेत.
मुली खिडकीकडे, मुलं दाराकडे.
काळभोर सर प्रश्न विचारायचे फळ्याला
आणि उत्तराची वाट बघायचे दाराकडे.
एकदा मी पुटपुटले, 'उणे सात.'
शेजारच्या रांगेतला बाळू भोईटे उठून म्हणाला,
'उणे सात.'
शाब्बास, सर म्हणाले.
ते उणे सात अजून माझ्याकडेच आहेत.

म्हणून पेन 'नाही'वर टेकवते.
इथं फळ्यापाशी यायला पोरी भांडतात.
पंखा अडकला की बाकावर स्टूल ठेवून
चढणारी पोरगीच असते,
चढायला दुसरं कुणी नसतंच.

मग आठवते मुग्धा टिळेकर.
दहावीला गणितात शंभर, पुढं मेकॅनिकल.
दिवाळीत आली, चहावर साय धरली तरी बोलत होती,
'बाई, तुमच्या वर्गात मी मुलगी आहे हे विसरलेच होते.
वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी आठवण करून दिली.
हातातली कानस काढून घेतली, अगदी प्रेमानं.
राहू दे, आम्ही करतो, म्हणाले.
तेव्हा काय बोलायचं
ते तुम्ही शिकवलं नव्हतं.'

पेन उचलते.

आणि गौतमी खिलारे.
तिला विसरणं सोयीचं आहे.
वारज्याच्या पुढून दोन बस बदलून यायची.
आठवीच्या पहिल्या आठवड्यात उभी राहून म्हणाली,
'टाकीत पानी किती, ते आधी काढायचं.'
रीत बरोबर होती.
वर्ग हसला. पन्नास वेण्या हसल्या.
'बाणातला ण गं,' मागून कुणीतरी म्हणालं.
त्या वर्गात एकही मुलगा नव्हता.
मी हसले होते का? माझं तोंड फळ्याकडे होतं.
दहावीपर्यंत तिनं पुन्हा हात वर केला नाही.

बाळूचं अर्धंच सांगितलं.
नववीत त्याचे वडील गेले, कारखान्यात, ड्यूटीवर.
तेराव्यानंतर तो वर्गात आला तेव्हा
मुलं त्याला मैदानावर ओढत होती, चल, चल, काही नाही होत.
तो गेला नाही. मधल्या सुट्टीत खिडकीकडे येऊन बसला.
मी डबा सरकवला. शेंगदाण्याची चटणी, पोळी.
नाक पुसत खाल्लं, मोठ्यानं रडला, पुन्हा खाल्लं.
'ते उणे सात,' म्हणाला,
आणि पुढं काही बोलला नाही.
माझ्या पोरींनी असा मुलगा
पाहिलाय कुठं?

मोठ्या बाईंनी टाचणं वाटलीत, कुठकुठल्या पाहण्यांची.
एकीत टक्के वर, दुसरीत खाली.
घातलेल्या अटी वाचल्या तर दोन्ही खरी.

पहिल्या ओळीत लिहिलं:
प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं.
दुसरीत:
पहिला हात दिसला तरी मोजत राहायचं.
तिसरी तिरकी. ती कोरी ठेवली, गौतमीसाठी.
होय, नाही, दोन्ही तशीच.

खाली मधल्या दारापाशी सुतार आलाय,
कुलपात तेल सोडतोय.
म्हणजे ठरलंय सगळं. कागद आपला रीतीपुरता.
भिंतीवरून चेंडू आला.
पलीकडून हाका चालू आहेत,
पाच मिनिटं कधीच होऊन गेली.